देवाची इच्छा कुणी कुणाला सांगायची?

गेल्या महिन्यात एका दफनविधीला गेलो होतो. ओळखीतल्या घरातला मुलगा, वय चोवीस. रात्री कामावरून परत येताना त्याची मोटरसायकल रस्त्यावरच्या खड्ड्यात गेली. खड्डा पाइपलाइनसाठी खणलेला होता. कडेला कठडा नाही, दिवा नाही, काठीला बांधलेलं एखादं लाल फडकंसुद्धा नाही. कबरस्तानात माती टाकून झाली, लोक पांगायला लागले, तेव्हा मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ त्या मुलाच्या आईजवळ गेले आणि म्हणाले, "देवाची इच्छा, बाई. नम्र व्हा. त्याच्यापुढे आपलं काय चालतं?"

ती बाई काही बोलली नाही. डोक्यावरचा पदर नुसता पुढे ओढला.

त्या रात्री मला झोप आली नाही. गृहस्थांचा राग आला होता हे खरं, पण झोप उडाली त्याचं कारण वेगळं होतं. तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, मी स्वतः एकदा बोललो आहे. ज्याला बोललो तो माझा आतेभाऊ हे वाचेलच. म्हणून आज लिहायला बसलो. घरातल्या काहींना हे आवडणार नाही, याची कल्पना आहे. रागवा, पण पूर्ण वाचून रागवा एवढंच म्हणणं.

आमची आत्या शाळेत शिक्षिका होती. नगरकडची, बोलायला फटकळ, पाठांतराला एक नंबर. घरगुती उपासनेत कुणाला वचन आठवेना झालं की सगळे तिच्याकडे बघायचे. २०१४ च्या पावसाळ्यात तिला छातीत गाठ लागली. ती कुणाला बोलली नाही. त्याच सुमारास गावात प्रार्थनासभा भरायला लागल्या होत्या. मोठा मांडव, कीबोर्ड, स्पीकर. तिथल्या ब्रदरनी तिच्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं की गाठ विरघळली, आता फक्त दावा करायचा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर शंका घेणं. आत्या हुशार बाई होती, पण भ्यालेलीही होती. भ्यालेल्या माणसाला असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला ते हवंच असतं. तिने दावा केला. आठ महिने केला. मग हात वर उचलेना तेव्हा पुण्याला आणलं. तोवर दुखणं हाडांत उतरलं होतं.

तेच ब्रदर नंतर घरी भेटायला आले. मी समोर होतो. चहा पिता पिता म्हणाले, "आता देवाची इच्छा म्हणून नम्रतेने स्वीकारायचं."

आठ महिन्यांपूर्वी देवाची इच्छा ती बरी व्हावी अशी होती. आता देवाची इच्छा ती जावी अशी. दोन्ही वेळेला यांना पक्कं माहीत होतं! मधल्या काळात देवाने मत बदललं की यांनी, हे विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. बिस्किटांची बशी पुढे केली.

२०१६ च्या फेब्रुवारीत आत्या गेली. कबरस्तानातून परत येताना धाकटा आतेभाऊ माझ्या बाजूने चालत होता. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, "देवाच्या इच्छेपुढे आपलं काय चालतं रे." तो थांबला. माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, "दादा, देवाची इच्छा तुला कुणी सांगितली?"

पुढची कित्येक वर्षं तो मंडळीत आला नाही. आणि त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. निदान प्रश्न बरोबर होता एवढं तरी कबूल करावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

आपण ख्रिस्ती लोक नम्रतेबद्दल फार बोलतो. ख्रिस्ती प्रार्थनेचा कळस म्हणजे आपली इच्छा देवाच्या इच्छेच्या स्वाधीन करणं, हे लहानपणापासून ऐकलं आहे आणि माझा त्यावर विश्वासही आहे. माझी तक्रार त्या शिकवणीबद्दल नाही. आपण तिची जी मोडतोड केली आहे, तिच्याबद्दल आहे. समर्पण ही पहिल्या पुरुषात करायची प्रार्थना आहे. आपण ती दुसऱ्या पुरुषात करायला लागलो आहोत. 'मी स्वाधीन होतो' हे सोडून 'तू स्वाधीन हो' म्हणतो, आणि वर त्यालाच नम्रता हे नाव देतो.

गेथशेमाने बाग आठवा. समर्पणाचा धडा म्हणून दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या आसपास आपण तो भाग वाचतो. पण वाचतो कसा, तर शेवटाकडून. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशू तिथे एकदा नाही, तीनदा प्रार्थना करतो. त्याची सुरुवात मागण्याने आहे. हा प्याला मला नको, शक्य असेल तर टळू दे, हे तो आधी मागतो, स्पष्ट शब्दांत, जमिनीवर पालथा पडून. त्याच श्वासात तो पित्याची इच्छा वर ठेवतो, पण म्हणून मागणं गिळून टाकत नाही. दुसऱ्या वेळी शब्द थोडे बदलतात. टळणारच नसेल तर, असा सूर येतो. एका रात्रीत, एकाच माणसाच्या तोंडी, प्रार्थना सरकत गेलेली दिसते. समर्पणाला तिथे वेळ लागला आहे, आणि लूकच्या वृत्तान्तात घामही गळला आहे. आपण मात्र शोकात बुडालेल्या बाईने ते पाच मिनिटांत करून दाखवावं अशी अपेक्षा करतो. माती ओली असताना.

अजून एक गोष्ट. त्या बागेत शिष्यही होते. ते काय करत होते? झोपले होते. येशूने त्यांच्याकडे फक्त सोबत जागं राहण्याची मागणी केली होती. त्यांच्यापैकी कुणी उठून त्याला 'देवाची इच्छा आहे, स्वीकार' असं म्हणालं नाही. तेवढ्यापुरते ते झोपलेले शिष्य आपल्यापेक्षा बरे म्हणायचे.

आता प्रभूची प्रार्थना घ्या. आपण ती इतकी पाठ केली आहे की तिचा अर्थ कानावरून निघून जातो. देवाची इच्छा जशी स्वर्गात तशी पृथ्वीवरही पुरी व्हावी, ही तिच्यातली एक मागणी आहे. मागणी! जे जे घडतं ते सगळं आधीच देवाच्या इच्छेने घडत असेल, तर मग ही मागणी कशाला? जे चालूच आहे ते चालू दे म्हणून कोण रोज विनवणी करतं? ही प्रार्थना शिकवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की पृथ्वीवर पुष्कळ गोष्टी पित्याच्या इच्छेविरुद्ध घडतात. उघडा खड्डा ही देवाची इच्छा नाही. त्याच्या कडेला दिवा लावायला ज्याला पैसे मिळाले होते आणि ज्याने तो लावला नाही, त्याच्या हलगर्जीपणाला आपण देवाची सही देऊन मोकळे झालो. त्या कंत्राटदाराला यापेक्षा चांगला वकील कुठे मिळणार?

इथे मला नेहमी हिज्कीया राजाची गोष्ट आठवते. तो आजारी पडला तेव्हा यशया संदेष्ट्याने येऊन सांगितलं की घराची निरवानिरव कर, तू मरणार. आता यशया म्हणजे मांडव घालून बसलेला ब्रदर नव्हे, खराखुरा संदेष्टा. तरी हिज्कीयाने काय केलं? भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली आणि ढळढळा रडला. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात असं आहे की यशया वाड्याच्या मधल्या चौकातून बाहेरही पडला नव्हता तोच त्याला परत पाठवलं गेलं, आणि राजाला पंधरा वर्षं वाढवून मिळाली. म्हणजे खुद्द देवाच्या तोंडच्या शब्दानंतरही रडायला आणि मागायला जागा होती. आणि पुढची गंमत बघा. बरं होण्याचं वचन मिळाल्यावर यशया गळवावर अंजिरांची पोटीस बांधायला सांगतो. वचनही आणि पोटीसही. औषध घेतलं म्हणून वचनाचा अपमान झाला असं ना यशयाला वाटलं, ना हिज्कीयाला. आमच्या आत्याला ही गोष्ट तोंडपाठ होती. त्या मांडवात ती कुणीच काढली नाही.

दावा करणाऱ्यांबद्दल एक सांगतो आणि पुढे जातो. शास्त्रातलं वचन हातात धरून 'आता तुला हे करावंच लागेल' असं म्हणण्याचा प्रसंग शुभवर्तमानात एकदा येतो. मंदिराच्या शिखरावर. दूत तुला झेलतील असं लिहिलेलं आहे, तर मार उडी. हे म्हणणारा सैतान होता, आणि वचन त्याने अचूक निवडलं होतं. येशूने उडी मारली नाही. परमेश्वराची परीक्षा बघायची नाही, म्हणाला. यावर अधिक लिहायची गरज नाही असं वाटतं.

दावा करणारे आणि 'स्वीकारा' म्हणणारे वरवर एकमेकांच्या विरुद्ध टोकाला दिसतात. एक उड्या मारतो, दुसरा मान खाली घालतो. पण खोलात जाऊन बघितलं तर दोघांचा दावा एकच आहे, की देवाच्या मनात काय आहे ते मला कळलं आहे. आणि नम्रतेची सुरुवात तर तिथून होते जिथे माणूस म्हणतो की मला कळलेलं नाही. म्हणूनच आमच्याकडे आलेल्या ब्रदरना एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायला आठ महिने आणि एक चहा पुरला.

लूकच्या अठराव्या अध्यायात परुशी आणि जकातदार यांचा दाखला आहे. नम्र प्रार्थनेवर बोलायचं तर तोच काढला जातो. जकातदार फक्त स्वतःबद्दल बोलतो. परुशी स्वतःबद्दल बोलतो आणि दूर उभ्या असलेल्या माणसाबद्दलही बोलतो, त्या माणसाचा देवाकडे काय भाव आहे हे त्याला माहीत असल्यासारखं. बस, एवढाच फरक. कबरस्तानात दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून देवाची इच्छा सांगताना आपण या दोघांपैकी कुणाच्या जागी उभे असतो, ते ज्याचं त्याने बघावं. मी कुठे उभा होतो ते मला कळलं आहे.

आणि त्याच अध्यायाची सुरुवात कशाने आहे? न्यायाधीशाच्या मागे हात धुऊन लागलेल्या विधवेने! देवाला न मानणारा, माणसांना न जुमानणारा तो न्यायाधीश. बाई रोज येते, न्याय दे म्हणते, शेवटी तो कंटाळतो. येशू तिचं कौतुक करतो आणि सांगतो की असं मागत राहा, खचू नका. चिवट विधवा आणि वाकलेला जकातदार एकाच पानावर आहेत. आपण जकातदार उचलला आणि विधवेला गप्प बसवलं. आपल्याच मंडळीतल्या विधवांना तर नक्कीच.

विधवांचा विषय निघालाच आहे तर पंडिता रमाबाईंना विसरून कसं चालेल? नगरहून रेल्वेने पुण्याला येताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. आजीबरोबर लहानपणी ते स्टेशन यायचं तेव्हा ती पदर सावरून बसायची. रमाबाईंचे आईवडील आणि मोठी बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले, भाऊ गेला, १८८२ साली पतीही गेले. पदरात लहान मुलगी. त्या काळच्या समाजाने विधवेला काय सांगितलं असेल? हेच, की तुझं प्राक्तन, मान खाली घाल. रमाबाईंनी घातली नाही. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या, त्यांना केडगावला ठेवलं, शिकवलं, छापखान्यात कामाला लावलं. 'त्या मुलींचं उपाशी मरणं ही ईश्वराची इच्छा' असं त्या म्हणाल्या असत्या तर केडगाव झालंच नसतं. आणि हीच बाई स्वतःच्या बाबतीत मात्र पूर्ण समर्पित होती. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ साली त्या गेल्या. दुसऱ्याच्या दुःखाशी भांडण आणि स्वतःच्या दुःखात समर्पण, हा क्रम त्यांनी पाळला. आपण उलटा पाळतो. स्वतःला ताप आला की लगेच रक्त तपासून घेतो आणि दुसऱ्याच्या घरात मरण आलं की ईश्वरेच्छा.

खरं म्हणजे मराठी माणसाला हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आल्याचं सांगितलं होतं. त्या पुलावर काय काय आहे? तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला नाही नाही ते बोलतात, आणि शेवटी त्याच्याच पायांवर डोकं ठेवतात. जनाबाई तर त्याला शिव्या घालते. भांडण आणि शरणागती एकाच घरात नांदतात हे आपल्या भाषेला शेकडो वर्षांपासून माहीत आहे. आणि बायबललाही माहीत आहे. ईयोब अध्यायामागून अध्याय देवाशी वाद घालतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला नम्र हो म्हणून सांगत राहतात. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. ते माझ्याविषयी नीट बोलले नाहीत, ईयोब बोलला, असा निकाल देतो. ते मित्र आले तेव्हा सात दिवस नुसते जमिनीवर बसून होते, एक शब्द न बोलता. तेवढंच त्यांनी चांगलं केलं होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

आता कुणी म्हणेल, अहो, पण लोक ते प्रेमाने म्हणतात. धीर द्यायला म्हणतात. काहीच देवाच्या हाताबाहेर नाही हा आधार तुम्ही काढून घेतलात तर त्या आईने जगायचं कशाच्या जोरावर? प्रश्न खरा आहे. कबरस्तानातले ते गृहस्थ काही दुष्ट नव्हते. मीही नव्हतो. शब्द सापडत नव्हते, म्हणून तयार मिळाला तो वापरला. पण 'देव तुझ्यासोबत या दुःखात आहे' आणि 'हे दुःख देवाने पाठवलं आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावर डोकं टेकता येतं. दुसरं ऐकल्यावर त्या आईला रात्री प्रार्थना करायची तर कुणाकडे करायची? जो तिचा मुलगा घेऊन गेला असं तुम्ही सांगितलंत, त्याच्याकडे? दुःखातून ती स्वतः कधी त्या समर्पणापर्यंत पोहोचली तर ते तिचं. तिला तिथे ढकलत न्यायचा अधिकार आपल्याला नाही.

आत्या तिथे पोहोचली होती. मी साक्षीदार आहे. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. रात्री मी सोबतीला होतो. तिने स्तोत्र वाचायला सांगितलं. मी सवयीने तेविसावं काढलं. "ते नको, अठ्ठ्याऐंशीवं वाच," म्हणाली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ते स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं. शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. मी वाचलं. ती म्हणाली, "बघ, हेसुद्धा देवाने आपल्या पुस्तकात राहू दिलंय." मग डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली. मला नातवंड बघायचं होतं, म्हणाली. ते आठ महिने मला परत पाहिजेत, म्हणाली. मी तुझ्यावर रुसले आहे, म्हणाली. बराच वेळ गप्प राहिली, मला वाटलं झोप लागली. मग हळूच म्हणाली, "बरं. तुझ्या हातात."

एवढंच. माझ्या आयुष्यात ऐकलेली सगळ्यात नम्र प्रार्थना ती, आणि तिच्यात रुसवा होता, हिशेब होता, मागणं होतं. त्यातलं काही कमी असतं तर 'तुझ्या हातात' या शब्दांना वजन आलं नसतं.

पहाटे तिने मला एक निरोप सांगितला. "त्या ब्रदरला सांग, मी रागावलेली नाही. पण पुढच्या बाईला आधी डॉक्टरकडे पाठव म्हणावं, मग डोक्यावर हात ठेव."

तो निरोप मी पोहोचवला नाही. वाईट दिसेल, उगाच वाद कशाला, आता ती गेलीच आहे... कारणं पुष्कळ होती. त्यातलं एक कारण नम्रता हेही होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. मधल्या वर्षांत त्या मांडवात अशा किती बायका येऊन गेल्या असतील, मला माहीत नाही. यालाही देवाची इच्छा म्हणायचं का?

ब्रदरचा नंबर बदललेला आहे. नवा नंबर काल मिळवला. रविवारी उपासना झाली की फोन करणार आहे. आणि आतेभावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की मला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत नव्हतं, तरी मी बोललो. माफ कर.

असो. त्या मुलाच्या आईकडे परवा जाऊन आलो. तासभर बसलो. ती बोलत होती, मी ऐकत होतो. निघताना तिने विचारलं, "त्या खड्ड्याचा अर्ज कुठे द्यायचा असतो?" उद्या आम्ही दोघं मिळून जाणार आहोत.